चार साधने, एकच मेलपेटी: सगळ्या संगणकांवर आणि मोबाइलवर ईमेल जुळता ठेवण्याची रीत

माझ्याकडे घरी एक डेस्कटॉप, कामाच्या ठिकाणी दुसरा संगणक, प्रवासासाठी लॅपटॉप आणि खिशात मोबाइल अशी चार साधने आहेत. ईमेलचा पत्ता मात्र एकच आहे. बरीच वर्षे या चार ठिकाणी माझे मेल चार वेगवेगळ्या अवस्थांत पडलेले असत. मोबाइलवर वाचून झालेला मेल लॅपटॉपवर पुन्हा नवा म्हणून दिसे आणि मोबाइलवरून दिलेले उत्तर डेस्कटॉपवर शोधूनही सापडत नसे. एकदा तर एका कराराचा अंतिम मसुदा कामाच्या ठिकाणच्या संगणकाने उतरवून घेतला आणि सर्व्हरवरून, म्हणजे मेल सेवा देणाऱ्याच्या संगणकावरून, पुसून टाकला. त्या रात्री तो मसुदा पाठवणाऱ्याकडे पुन्हा मागावा लागला, तेव्हा हे प्रकरण मुळापासून समजून घेतल्याशिवाय सुटका नाही हे मला पटले.

माझी मूळ चूक अशी होती की मी साधने एकमेकांशी जुळवायला पाहत होतो. डेस्कटॉपला लॅपटॉपची आणि लॅपटॉपला मोबाइलची खबर असण्याची काहीच गरज नसते. मेलची मूळ प्रत सर्व्हरवर राहिली पाहिजे आणि प्रत्येक साधनाने त्या एका सर्व्हरशी आपला हिशेब जुळता ठेवला पाहिजे, एवढे झाले की साधने आपोआप एकमेकांशी जुळतात. यात इनबॉक्स जुळवणे सर्वांत सोपे आहे. खरा वेळ जातो तो पाठवलेल्या मेलमध्ये, अर्धवट लिहिलेल्या मसुद्यांमध्ये आणि ट्रॅशमध्ये, आणि नवखा माणूस नेमका तिथेच अडकतो.

तुम्ही सगळीकडे ब्राउझरमध्येच मेल पाहत असाल, तर पुढच्या बहुतेक खटाटोपाची तुम्हाला गरज नाही, कारण ब्राउझर थेट सर्व्हरवरचीच प्रत दाखवतो. हा लेख थंडरबर्ड, आउटलुक, अ‍ॅपल मेल किंवा मोबाइलवरचे मेल अ‍ॅप वापरणाऱ्यांसाठी आहे.

१. हाताशी ठेवायच्या गोष्टी

काम सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी एका जागी लिहून ठेवाव्यात. मध्येच उठून त्या शोधायला गेलात, तर कोणते साधन कोणत्या अवस्थेत सोडले होते हे विसरायला होते.

- ईमेलचा पूर्ण पत्ता आणि ब्राउझरमधून आत जाता येईल असा चालू पासवर्ड. तो खरोखर चालतो का, हे आधी ब्राउझरमध्ये तपासावे.
- द्विस्तरीय पडताळणी चालू असेल, तर ज्यावर कोड येतो तो मोबाइल.
- येणाऱ्या मेलच्या आयमॅप सर्व्हरचे आणि जाणाऱ्या मेलच्या एसएमटीपी सर्व्हरचे नाव. ही माहिती सेवा देणाऱ्याच्या मदतपानावर मिळते.
- खात्याला सर्व्हरवर एकूण किती जागा आहे आणि तीपैकी किती भरली आहे, याचा आकडा.
- बॅकअपसाठी पुरेशी मोकळी जागा असलेली बाहेरची हार्ड डिस्क.
- तुमचे खाते आजवर ज्या ज्या साधनावर बसवले होते, त्यांची संपूर्ण यादी.

शेवटची यादी करताना प्रामाणिक राहा. कपाटात ठेवून दिलेला जुना लॅपटॉप आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला दिलेला जुना मोबाइल हेही तिच्यात आले पाहिजेत. माझा करार नाहीसा करणारा संगणक असाच होता: त्यावर मेल पाहणे मी सोडून दिले होते, पण त्यावरचा मेल प्रोग्राम संगणक सुरू झाला की आपोआप चालू होत असे.

२. प्रत्येक साधन पॉपवर आहे की आयमॅपवर, ते पाहा

मेल प्रोग्राम सर्व्हरवरून मेल आणतो तो मुख्यतः दोन पद्धतींनी. पॉप ही जुनी पद्धत १९८४ मध्ये आली. तिच्या नावातच पोस्ट ऑफिस आहे आणि ती वागतेही तशीच: पत्र घरी नेले की पोस्टाचा त्याच्याशी संबंध संपतो. एका माणसाकडे एकच संगणक असण्याच्या काळात ती पुरेशी होती. आयमॅप ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात घडवली. तिच्यात मेल आणि फोल्डर सर्व्हरवरच राहतात, आणि मेल वाचला आहे का, त्याला उत्तर दिले आहे का, त्यावर खूण केली आहे का, तो काढून टाकायचा आहे का, याची नोंदही सर्व्हर स्वतःकडे ठेवतो. संगणकावर दिसते ती या सर्वांची प्रत असते.

पॉपमध्ये अशी नोंद ठेवण्याची सोयच नाही. त्यामुळे ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय निवडला, तरी साधने जुळत नाहीत. मेल हरवत नाही एवढेच. पण वाचलेले, हलवलेले आणि पाठवलेले मेल प्रत्येक साधनावर वेगळेच राहतात. पुष्कळ जण या पर्यायावर समाधान मानून थांबतात आणि वर्षभराने चार साधनांवर तेच मेल चार वेळा साफ करत बसतात. मीही तीन वर्षे तेच केले.

थंडरबर्डमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हरविषयीच्या पानावर सर्व्हरचा प्रकार पहिल्याच ओळीत लिहिलेला असतो. जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये खात्यांच्या यादीत नावासमोर पॉप किंवा आयमॅप असे दिसते. प्रत्येक साधनावर जाऊन हा प्रकार वरच्या यादीत नोंदवावा. खाते एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर असेल आणि प्रोग्राम तसे खाते थेट जोडू देत असेल, तर आयमॅपऐवजी तोच मार्ग घ्यावा, कारण बहुतेक प्रोग्रामांमध्ये त्याबरोबर कॅलेंडर आणि संपर्कही येतात.

३. काहीही बदलण्यापूर्वी बॅकअप घ्या

ज्या साधनावर पॉप आहे, त्यावरचे कित्येक मेल जगात फक्त त्याच डिस्कवर असू शकतात. मेल प्रोग्राम पूर्ण बंद करून त्याचा संपूर्ण माहितीचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा. थंडरबर्डमध्ये तो प्रोफाइल फोल्डर असतो, आणि आउटलुकच्या पॉप खात्यात पीएसटी या प्रकारची फाइल असते. प्रोग्राम चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट असू शकते, म्हणून बंद करण्याचा आग्रह धरतो आहे.

ब्राउझरमधल्या सर्व्हरवरच्या मेलचीही एक प्रत घ्यावी. गुगलची टेकआउट ही सोय जीमेलमधले सगळे मेल एमबॉक्स प्रकारच्या फाइलमध्ये देते आणि ती फाइल नंतर इतर प्रोग्रामांमध्ये उघडता येते.

इथेच एक गोष्ट मनात पक्की करावी: साधने जुळती असणे म्हणजे बॅकअप असणे असे समजू नये. आयमॅपवर एका ठिकाणी पुसलेला मेल थोड्याच वेळात चारही ठिकाणांहून जातो, आणि ही व्यवस्था नेमकी तशीच चालावी अशी घडवलेली आहे.

४. पॉपवरची साधने आधी थांबवा

नवे खाते बसवण्याच्या उत्साहात हा टप्पा राहून जातो. एखादे साधन अजून पॉपने मेल उतरवत आणि पुसत असेल, तर आयमॅपवरच्या साधनांवरून मेल डोळ्यांदेखत नाहीसे होतात आणि दोष नव्या मांडणीला दिला जातो. म्हणून प्रत्येक पॉप खात्यात ‘सुरू होताच मेल तपासा’ आणि ‘दर अमुक मिनिटांनी तपासा’ हे दोन्ही पर्याय बंद करावेत. खाते काढून मात्र टाकू नये. पॉप खाते काढताना प्रोग्राम त्याचे मेलही काढायचे का असे विचारतो, आणि घाईत दाबलेल्या होकाराने वर्षांचे मेल जाऊ शकतात.

ज्या सेवेच्या सेटिंगमध्ये पॉप पूर्ण बंद करता येतो, तिथे तो सर्व्हरकडूनच बंद करून टाकावा. जीमेलच्या ब्राउझरमधल्या सेटिंगमध्ये ही सोय आहे. त्यामुळे यादीतून निसटलेले एखादे जुने साधनही निरुपद्रवी होते.

५. एका संगणकावर आयमॅप खाते बसवा

चारही साधने एकदम हाती घेऊ नका. जो संगणक तुम्ही सर्वांत जास्त वापरता, तो आधी पूर्ण करा. एकदा तिथे सगळे बरोबर दिसले की बाकीच्यांवर तेच करायचे असते.

थंडरबर्डमध्ये पॉप खाते बदलून आयमॅप करता येत नाही. जुन्या खात्याशेजारी त्याच पत्त्याचे नवे खाते बनवावे लागते. हे उलट सोयीचेच आहे, कारण जुने मेल एका खात्यातून दुसऱ्यात हलवताना दोन्ही समोर असतात. सर्व्हरची माहिती प्रोग्राम बहुधा आपण होऊन शोधतो. मात्र काही वेळा तो पॉप आणि आयमॅप असे दोन्ही पर्याय दाखवतो, तेव्हा आयमॅप निवडला आहे याची खात्री करावी.

माहिती हाताने भरायची असेल, तर येणाऱ्या मेलसाठी पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या जोडणीचा क्रमांक, ९९३ आणि सुरक्षा एसएसएल किंवा टीएलएस ठेवावी. जाणाऱ्या मेलसाठी पोर्ट ४६५ असेल तर तीच सुरक्षा, आणि ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस. जुन्या सूचनांमध्ये जाणाऱ्या मेलसाठी पोर्ट २५ दिलेला आढळतो; तो सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्यासाठी आहे आणि अनेक इंटरनेट पुरवठादार ग्राहकांसाठी तो अडवून ठेवतात. मेल येतो पण जात नाही, अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा हा आकडा पाहावा. दुसरा सापळा म्हणजे जाणाऱ्या सर्व्हरसाठीही लॉगिन लागते, हे लक्षात न येणे.

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला गेला, तर गोंधळून जाऊ नका. मोठ्या सेवांनी मेल प्रोग्रामांना साधा पासवर्ड वापरू देणे बंद केले आहे: गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी मे २०२२ च्या अखेरीस आणि मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये. आता प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये प्रमाणीकरणाचा प्रकार ‘ओऑथ २’ असा निवडावा लागतो, म्हणजे सेवा देणाऱ्याची स्वतःची लॉगिनची खिडकी उघडते. ज्या जुन्या प्रोग्रामला ते जमत नाही, त्याच्यासाठी काही सेवा खास ‘अ‍ॅप पासवर्ड’ बनवून देतात. गुगलचा असा पासवर्ड १६ अक्षरांचा असतो आणि द्विस्तरीय पडताळणी चालू असल्याशिवाय तो मिळत नाही. प्रत्येक साधनासाठी वेगळा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा. त्याचा उपयोग शेवटच्या टप्प्यात कळेल.

६. सेंट, ड्राफ्ट्स, ट्रॅश आणि अर्काइव्ह यांची जोडणी करा

या टप्प्यासाठी एक सबंध संध्याकाळ राखून ठेवा.

आयमॅप फक्त मेल पाहण्याची आणि ठेवण्याची व्यवस्था आहे. मेल पाठवण्याचे काम एसएमटीपी करते आणि या दोघांचा एकमेकांशी थेट संबंध नसतो. तुम्ही मेल पाठवता तेव्हा प्रोग्राम तो एसएमटीपीने रवाना करतो, आणि त्याची एक प्रत आयमॅपने सर्व्हरवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये स्वतंत्रपणे नेऊन ठेवतो. ही प्रत कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची, हे त्या त्या साधनावरच्या सेटिंगवर अवलंबून असते. एका प्रोग्रामला तो फोल्डर ‘सेंट’ नावाने हवा असतो, दुसऱ्याला ‘सेंट आयटम्स’ आणि तिसऱ्याला ‘सेंट मेसेजेस’. परिणामी सर्व्हरवर तीन फोल्डर तयार होतात आणि तुमची उत्तरे त्यांच्यात वाटली जातात. सर्व्हरने ‘पाठवलेल्या मेलचा फोल्डर हा’ असे प्रोग्रामला सांगण्याची सोय २०११ मध्ये प्रमाणित झाली, पण सगळे सर्व्हर आणि सगळे प्रोग्राम ती पाळत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे काही प्रोग्राम ही प्रत संगणकावरच्या स्थानिक फोल्डरमध्ये ठेवतात. तसे झाले की ती इतर साधनांवर कधीच दिसत नाही.

म्हणून आधी ब्राउझरमधून सर्व्हरवर काय आहे ते पाहा. सेवेचा स्वतःचा पाठवलेल्या मेलचा जो फोल्डर ब्राउझरमध्ये दिसतो, तोच खरा मानायचा, आणि प्रत्येक साधनाला तोच दाखवून द्यायचा. थंडरबर्डमध्ये ही सोय खात्याच्या ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ या पानावर आहे. आयफोनवर खात्याच्या प्रगत सेटिंगमध्ये ड्राफ्ट्स, सेंट, डिलीटेड आणि अर्काइव्ह या चारांसाठी सर्व्हरवरचा फोल्डर निवडता येतो. निवड झाल्यावर उपरे फोल्डर रिकामे करून त्यांतले मेल खऱ्या फोल्डरमध्ये हलवावेत आणि मगच ते पुसावेत.

जीमेलचे थोडे वेगळे आहे. तिच्या एसएमटीपी सर्व्हरमार्फत पाठवलेल्या मेलची प्रत ती स्वतःच ठेवते, त्यामुळे प्रोग्रामनेही प्रत ठेवली की काम दुप्पट होते. जीमेलच्या खात्यात प्रोग्रामचा प्रत ठेवण्याचा पर्याय बंद करावा. शिवाय जीमेलमध्ये फोल्डर नसून लेबले असतात आणि आयमॅपमध्ये प्रत्येक लेबल फोल्डर म्हणून दिसते. म्हणून एकच मेल इनबॉक्स, एखादे लेबल आणि ‘ऑल मेल’ अशा तीन ठिकाणी दिसला तर घाबरून त्यातला एक पुसायला जाऊ नये.

मसुद्यांची गोष्ट निराळी आहे. आयमॅपमध्ये सर्व्हरवर एकदा ठेवलेल्या मेलचा मजकूर बदलता येत नाही. मसुदा सुधारता तेव्हा प्रोग्राम नवा मेल चढवतो आणि जुना काढतो. दोन साधनांवर तोच मसुदा उघडा राहिला, तर दोन वेगळे मसुदे तयार होतात, आणि क्वचित जुना मसुदा पाठवला जातो. दुसऱ्या साधनावर जाण्यापूर्वी पहिल्यावर मसुदा जतन करून त्याची खिडकी बंद करावी, एवढी एक सवय पुरते.

ट्रॅशच्या बाबतीत तीन प्रकार आढळतात. काही प्रोग्राम मेल ट्रॅशमध्ये हलवतात, काही फक्त ‘पुसायचा आहे’ अशी खूण करून जागेवर ठेवतात, आणि काही तत्काळ नष्ट करतात. आयमॅपमध्ये पुसणे ही मुळातच दोन पायऱ्यांची क्रिया आहे: आधी खूण, मग कायमचे निष्कासन. पहिली पायरी झाली आणि दुसरी राहिली की एका संगणकावर मेल खोडलेल्या रेघेसह दिसतो आणि मोबाइलवर जसाच्या तसा. सर्व साधनांवर ‘ट्रॅशमध्ये हलवा’ हाच पर्याय ठेवावा. ट्रॅशला साठवणीची जागा मानणाऱ्यांसाठी इशारा असा की जीमेल ट्रॅशमधले मेल ३० दिवसांनी कायमचे पुसते.

मेल न पुसता इनबॉक्समधून बाजूला ठेवणारे अर्काइव्हचे बटण मोबाइलवर बोट सरकवले तरी दाबले जाते, म्हणून त्याचाही फोल्डर निश्चित करावा. थंडरबर्ड अर्काइव्हमध्ये वर्षवार उपफोल्डर बनवतो. मेल हरवला असे वाटले तर तिथे जरूर पाहावे.

७. जुने मेल सर्व्हरवर चढवा

पॉप खात्यात अडकलेले मेल आता नव्या आयमॅप खात्याच्या फोल्डरमध्ये ओढून नेता येतात. आधी सर्व्हरवरची मोकळी जागा आणि जुन्या मेलचे आकारमान ताडून पाहावे. मग हलवण्याऐवजी नक्कल करावी, एका वेळी काही शेच मेल घ्यावेत, आणि दर वेळी दोन्ही फोल्डरांतली संख्या जुळते का ते पाहावे. दहा हजार मेल एकदम ओढले आणि मध्येच जोडणी तुटली, तर कुठपर्यंत गेले हे ठरवणे फार कष्टाचे होते.

पहिले दहा मेल चढवल्यावर ते मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये उघडून तारखा पाहाव्यात. मेल चढवताना प्रोग्राम सर्व्हरला मूळ तारीख कळवू शकतो. ती कळवली नाही, तर सर्व्हर चढवल्याची वेळच नोंदवतो आणि कित्येक वर्षांपूर्वीचे मेल आजच्या तारखेला आल्यासारखे सर्वांत वर येऊन बसतात. तसे दिसले तर थांबून दुसऱ्या प्रोग्रामने चढवावे.

दुसरा सापळा दुबार प्रतींचा आहे. तीन संगणकांवर पॉपने तेच मेल उतरवलेले असतील आणि तिन्हींवरून ते चढवले, तर सर्व्हर ते तीन वेगळे मेल मानतो, कारण चढवलेल्या प्रत्येक मेलला तो नवा क्रमांक देतो. ज्या संगणकावर सर्वांत पूर्ण संग्रह आहे, तोच आधी चढवावा. बाकीच्यांवरचे फक्त तिथे नसलेले मेल, बहुधा पाठवलेले, वेगळ्या फोल्डरमध्ये चढवून मग नीट लावावेत.

८. उरलेले संगणक आणि मोबाइल जोडा

पाचवा आणि सहावा टप्पा प्रत्येक साधनावर जसाच्या तसा पुन्हा करावा. सहावा टप्पा मोबाइलवरही करायचा आहे, कारण मोबाइलची अ‍ॅप आपल्या मनाने फोल्डर ठरवतात.

एखाद्या संगणकावर बनवलेला नवा फोल्डर दुसऱ्यावर दिसला नाही, तर तो हरवलेला नसतो. आयमॅपमध्ये कोणते फोल्डर दाखवायचे याची यादी असते आणि प्रोग्राममध्ये ‘सबस्क्राइब’ या नावाने ती उघडून फोल्डरसमोर खूण करावी लागते. फोल्डरांना देवनागरीत नावे देता येतात आणि मी ती देतो. जुन्या आयमॅपमध्ये अशी नावे आतून एका विशिष्ट संकेतात साठवली जातात; एखादे जुने अ‍ॅप तो संकेत उलगडत नाही आणि नावाऐवजी ‘&’ या चिन्हाने सुरू होणारी अगम्य अक्षरे दाखवते. मेल शाबूत असतात. अ‍ॅप बदलणे हाच उपाय.

मोबाइलवर सहसा अलीकडच्या काही दिवसांचेच मेल उतरवले जातात. ही मर्यादा जागा आणि डेटा वाचवते, म्हणून ती तशीच राहू द्यावी, फक्त ‘जुने मेल गेले’ असा समज करून घेऊ नये. नवा मेल उशिरा दिसत असेल, तर मेल तपासण्याचा कालावधी पाहावा. सर्व्हरने मेल येताच कळवावे अशी सोय आयमॅपला १९९७ मध्ये मिळाली, पण तिच्यात जोडणी सतत उघडी ठेवावी लागते आणि एका जोडणीवर एकाच फोल्डरवर लक्ष राहते. बॅटरी वाचवण्यासाठी काही मोबाइल अ‍ॅप ती वापरत नाहीत आणि दर १५ किंवा ३० मिनिटांनी तपासतात. इनबॉक्स तत्काळ आणि बाकीचे फोल्डर उशिरा, हे त्यामुळेच घडते.

तीन संगणकांवर थंडरबर्ड वापरणाऱ्यांना एक विचित्र अडचण येते: सगळे चालू असताना मोबाइल जोडायला जावे, तर सर्व्हर नकार देतो. थंडरबर्ड मूळ सेटिंगनुसार एका खात्यासाठी ५ जोडण्या उघडू शकतो; तीन संगणकांच्या मिळून १५ होतात, आणि जीमेल एका खात्याला एका वेळी १५ जोडण्यांचीच परवानगी देते. प्रत्येक संगणकावर हा आकडा २ किंवा ३ करावा. मला याचा शोध लागेपर्यंत मी दोनदा पासवर्ड बदलला होता.

९. फिल्टर आणि स्पॅम सर्व्हरवर न्या

संगणकावरच्या प्रोग्राममध्ये बनवलेले फिल्टर तो संगणक चालू असतानाच काम करतात. घरचा डेस्कटॉप चालू राहिला की मेल फोल्डरांत आपोआप लागतात, बंद असला की सगळे इनबॉक्समध्ये साचतात, आणि प्रवासात असताना ही व्यवस्था एक दिवस चालली व एक दिवस बंद पडली असे वाटते. दोन संगणकांवर परस्परविरोधी फिल्टर असतील, तर मेल इकडून तिकडे फिरत राहतो. सेवेच्या ब्राउझरमधल्या सेटिंगमध्येच सगळे फिल्टर बनवावेत आणि संगणकांवरचे बंद करावेत.

स्पॅमचेही तसेच. दोन संगणकांवरचे शिकाऊ स्पॅम फिल्टर आपापल्या समजुतीने मेल हलवत असतील, तर मोबाइलवर पोहोचण्यापूर्वीच चांगला मेल स्पॅममध्ये जातो. सर्व्हरचा फिल्टर ठेवावा आणि बाकीचे बंद करावेत.

१०. चाचणी घ्या

सगळी साधने समोर ठेवून, दुसऱ्या एखाद्या पत्त्यावरून स्वतःला मेल पाठवा आणि पुढील गोष्टी क्रमाने करा. प्रत्येक कृतीनंतर बाकीच्या साधनांवर ती उमटेपर्यंत थांबा.

- मोबाइलवर मेल उघडा; संगणकांवर तो वाचलेला दिसला पाहिजे.
- मोबाइलवरून उत्तर द्या. तिन्ही संगणकांवर ते पाठवलेल्या मेलमध्ये, आणि एकदाच, दिसले पाहिजे.
- लॅपटॉपवर मसुदा लिहून जतन करा आणि तो मोबाइलवरून पूर्ण करून पाठवा.
- डेस्कटॉपवर मेल एखाद्या फोल्डरमध्ये हलवा.
- मोबाइलवरून तो पुसा आणि लॅपटॉपवरच्या ट्रॅशमधून परत आणा.
- लॅपटॉपचे इंटरनेट बंद करून दोन मेल हलवा, मग इंटरनेट चालू करा. साठून राहिलेले बदल सर्व्हरपर्यंत गेले पाहिजेत.

एखादी कृती उमटली नाही, तर बहुतेक वेळा चूक सहाव्या टप्प्यातल्या एखाद्या फोल्डरच्या निवडीत असते. चाचणी पूर्ण झाल्यावर महिनाभर जुनी पॉप खाती तशीच थांबवलेली ठेवा आणि मगच, बॅकअप उघडतो हे पाहून, काढून टाका.

११. आयमॅप काय जुळवत नाही

संपर्कांची वही, कॅलेंडर, स्वाक्षरी, पाठवणाऱ्याचे दाखवायचे नाव आणि प्रोग्राममधल्या रंगीत खुणा या गोष्टी आयमॅपच्या कक्षेत येत नाहीत, किंवा आल्या तरी सर्वत्र दिसत नाहीत. संपर्कांसाठी कार्डडॅव्ह आणि कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह या स्वतंत्र पद्धती आहेत. सेवा त्या देत असेल तर प्रत्येक साधनावर वेगळ्याने जोडाव्यात. स्वाक्षरी हाताने प्रत्येक साधनावर लिहावी. रंगीत खुणांऐवजी तारकेची खूण वापरावी, कारण ती जवळपास प्रत्येक प्रोग्रामला कळते.

१२. नंतरची निगा

सर्व्हरवरची जागा भरली की नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जाऊ लागतात, आणि तुमच्या कोणत्याही साधनावर त्याची ठळक सूचना येईलच असे नाही. दर तीन महिन्यांनी भरलेल्या जागेचा आकडा पाहावा, मोठ्या जोडफायलींचे मेल शोधून बाहेरच्या डिस्कवर उतरवावेत, आणि त्याच वेळी नवा बॅकअप घ्यावा.

एखादे साधन विकायचे किंवा दुसऱ्याला द्यायचे असेल, तर त्यावरचे आयमॅप खाते निर्धास्त काढावे. त्याने सर्व्हरवरचे काही जात नाही. त्यावरून आधी मेल पुसायला जाऊ नये, ते मात्र सगळीकडून जातील. मोबाइल हरवला, तर ब्राउझरमधून खात्यात जाऊन त्या साधनाचा प्रवेश रद्द करावा, आणि त्यासाठी वेगळा अ‍ॅप पासवर्ड घेतला असेल तर तेवढाच मोडावा. बाकीची तीन साधने पूर्ववत चालू राहतात, आणि नवा मोबाइल आला की त्यावर फक्त पाचवा, सहावा आणि दहावा टप्पा करायचा उरतो.